अपोलोचा संगणक आणि तो घडवणारी माणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंद्रावर माणूस नेणाऱ्या यानांत 'अपोलो गायडन्स कॉम्प्युटर' बसवलेला होता. त्याच्याबद्दल बोललं की ठरावीक प्रश्न हमखास येतात. काही शाळकरी मुलांचे असतात, काही निवृत्त इंजिनिअरांचे, आणि काही 'फॉरवर्ड'मध्ये वाचलेलं खरं का, हे विचारणाऱ्यांचे. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडनिडे नंतर.

१. हा संगणक नेमकं काय करायचा?

तीन गोष्टी. यान आत्ता कुठे आहे आणि किती वेगाने चाललंय हे ठरवायचं, त्याचं तोंड कुठे आहे याचा हिशोब ठेवायचा, आणि इंजिन कधी, किती वेळ, कोणत्या दिशेला चालवायचं ते सांभाळायचं. दिशेची माहिती त्याला फिरत्या जायरोस्कोपवर स्थिर राखलेल्या एका चौकटीतून मिळे. तिच्यावरच वेगातला फरक मोजणारी उपकरणं असत. जायरो हळूहळू भरकटतात, म्हणून अंतराळवीर सेक्स्टंट या कोन मोजणाऱ्या दुर्बिणीतून तारे धरून ती चौकट पुन्हा जुळवून घेत (ताऱ्यांसाठी प्रश्न १४).

एका मोहिमेत असे दोन संगणक जात, एक चंद्राभोवती फिरत राहणाऱ्या कमांड मोड्यूलमध्ये आणि एक चंद्रावर उतरणाऱ्या लूनर मोड्यूलमध्ये. यंत्र तेच, प्रोग्राम वेगळे. कमांड मोड्यूलच्या प्रोग्रामचं नाव 'कोलोसस', लूनर मोड्यूलच्याचं 'ल्युमिनरी'. या दोघांचा सॅटर्न ५ रॉकेटशी मात्र गोंधळ करू नका. रॉकेटला आयबीएमने बनवलेला स्वतंत्र संगणक होता.

२. जमिनीवर, ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रात, एवढे मोठे संगणक होते, मग यानात वेगळा कशाला?

कारण यान चंद्राच्या मागे गेलं की पृथ्वीशी संपर्क तुटतो, आणि चंद्राभोवतीच्या कक्षेत शिरण्यासाठी इंजिन चालवायचं ते नेमकं तिथेच. सुरुवातीच्या काळात आणखी एक भीती होती, सोव्हिएत संघ रेडिओ संदेशांत अडथळा आणेल ही. म्हणून यान स्वतःच्या बळावर जाऊन परत येऊ शकलं पाहिजे, असा आग्रह होता.

प्रत्यक्षात जमिनीवरून यानाचा माग काढण्याचं तंत्र इतकं सुधारलं की प्रवासातलं स्थान ह्यूस्टनचंच ग्राह्य धरलं जाऊ लागलं आणि यानातली गणितं पडताळणीला राहिली. उतरण्याचं काम मात्र जमिनीवरून होण्यासारखं नव्हतं. संदेश जायला सव्वा सेकंद आणि यायला सव्वा सेकंद, एवढ्या वेळात लूनर मोड्यूल कुठल्या कुठे गेलेलं असे.

३. बनवला कोणी? नासाने की आयबीएमने?

दोघांनीही नाही. आराखडा एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीचा, म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावचा, आणि उत्पादन रेथिऑन कंपनीचं. ऑगस्ट १९६१ मध्ये हे काम लॅबला मिळालं. अपोलोचं ते पहिलं मोठं कंत्राट.

लॅबचे प्रमुख चार्ल्स स्टार्क ड्रेपर. जायरोच्या जोरावर विमानं आणि क्षेपणास्त्रं चालवण्याच्या विद्येतला हा दादा माणूस. उपकरण चालेल याची खात्री काय, अशी शंका निघाली तेव्हा साठीच्या ड्रेपरांनी नासाला पत्र लिहून 'मीच अंतराळवीर म्हणून जातो' अशी तयारी दाखवली. पाठवलं नाही त्यांना, पण बाण्याची कल्पना यावी.

यंत्राची बाजू एल्डन हॉल यांच्याकडे होती. रॅमन अलोन्सो, अल्बर्ट हॉपकिन्स आणि ह्यू ब्लेअर-स्मिथ यांनी त्याची अंतर्गत रचना आणि आज्ञासंच घडवला. प्रवासाचं गणित रिचर्ड बॅटिन यांचं. आणि एकाच वेळी अनेक कामं हाकणारी व्यवस्था हॅल लॅनिंग या अबोल गणितज्ञाची. या शेवटच्या नावाला प्रसिद्धी फारच कमी मिळाली, असं माझं मत. प्रश्न ८ वाचल्यावर तुम्हालाही तसंच वाटेल.

४. 'तुमच्या खिशातल्या मोबाइलपेक्षा लाखो पटींनी कमजोर', हे खरं का?

आकड्यांपुरतं खरं. कायमची मेमरी ३६,८६४ शब्दांची आणि पुसून लिहिता येणारी २,०४८ शब्दांची. इथे एक शब्द म्हणजे १५ बिट माहिती आणि तपासणीचा एक बिट. आजच्या हिशोबात साधारण ७२ केबी आणि ४ केबी. तुम्ही वाचताय हा मजकूरसुद्धा त्या ४ केबीत मावणार नाही. मेमरीच्या एका फेऱ्याला ११.७ मायक्रोसेकंद लागत. वजन सुमारे ३२ किलो, वीज ५५ वॅट, म्हणजे आपल्या जुन्या साठच्या बल्बपेक्षाही कमी.

पण ही तुलना मला कधी पटली नाही. मोबाइल अडकला तर आपण बंद करून चालू करतो. या संगणकाला रडार, जायरो, इंजिन, छोटे दिशा-रॉकेट आणि माणसाची बोटं अशा सगळ्यांकडे एकाच वेळी, ठरलेल्या क्षणी लक्ष द्यायचं होतं. 'थोडा वेळ थांबा' म्हणायची सोय नव्हती.

५. त्यात 'चिप' होती का?

होती, आणि त्या काळी तो मोठा जुगार होता. १९६२ मध्ये इंटिग्रेटेड सर्किट ही नवीकोरी, महाग आणि न पारखलेली वस्तू होती. हॉल यांनी तीच वापरायचा हट्ट धरला. ट्रान्झिस्टर सुटे जोडून यंत्र मोठं आणि जड झालं असतं.

त्यांची दुसरी युक्ती जास्त हुशारीची. संपूर्ण तर्कजाल त्यांनी एकाच प्रकारच्या चिपवर उभारलं, तीन इनपुटचं 'नॉर' गेट (तिन्ही इनपुट ० असतील तरच १ देणारं छोटं सर्किट). नंतरच्या 'ब्लॉक २' आवृत्तीत अशा सुमारे २,८०० चिप होत्या, प्रत्येकीत दोन गेट. दहा जातींच्या चिप दहा ठिकाणांहून आणण्यापेक्षा एकच जात हजारोंनी घ्यायची आणि तिची कसून चाचणी करायची. १९६३ मध्ये अमेरिकेत तयार होणाऱ्या इंटिग्रेटेड सर्किटांपैकी निम्म्याहून अधिक या एका प्रकल्पात जात होती.

६. 'प्रोग्राम बायकांनी विणला' असं वाचलं. ही दंतकथा ना?

नाही, शब्दशः खरं आहे. हे सांगायला लागलं की क्रोशाचं काम केलेल्या बायकांना ते सर्वांत आधी कळतं, असा माझा अनुभव आहे.

कायमच्या मेमरीला 'कोअर रोप' म्हणत. बारीक चुंबकीय कडी आणि त्यांच्यातून ओवलेल्या तांब्याच्या तारा. तार कड्यातून गेली तर १, बाजूने गेली तर ०. एका कड्याशी १९२ तारांचा संबंध येई, म्हणजे एकच कडं १९२ बिट सांभाळी. एका मोड्यूलमध्ये ५१२ कडी, आणि अशी सहा मोड्यूल मिळून पूर्ण प्रोग्राम. त्या काळच्या इतर मेमरीच्या तुलनेत एवढ्याशा जागेत एवढी माहिती ही चैनच होती. शिवाय वीज गेली तरी ती जात नसे.

ओवण्याचं काम मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅम इथल्या रेथिऑनच्या कारखान्यात बायका करत. छिद्रांच्या पट्टीवर चालणारं एक यंत्र पुढचं कडं बरोबर समोर आणून ठेवी. मग तार भरलेली सुई त्यातून आरपार घालायची. इंजिनिअर मंडळी या मेमरीला गमतीने 'लिटल ओल्ड लेडी मेमरी' म्हणत. त्या विनोदात थोडी कुत्सित छटा आहे हे खरं, पण एक तार चुकली तर चंद्राच्या वाटेवरचा एक बिट चुकला, हे त्या टेबलावरच्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

याचा परिणाम काय? विणायला आठवडे लागत, म्हणून प्रोग्राम उड्डाणाच्या बराच आधी 'गोठवावा' लागे. एकदा विणला की बदल नाही. 'अपडेट नंतर टाकू' ही आपली आजची सवय तिथे चालली नसती. प्रत्येक प्रोग्रामच्या जबाबदार व्यक्तीला लॅबमध्ये 'रोप मदर' म्हणत, ती व्यक्ती पुरुष असली तरी. तरीही उड्डाणात बदल करायची वेळ आलीच, ती गोष्ट प्रश्न १३ मध्ये.

७. कळफलकावर अक्षरं नव्हती, मग अंतराळवीर त्याच्याशी बोलायचे कसे?

क्रियापद आणि नाम यांतून. उपकरणाचं नाव 'डिस्की', म्हणजे डिस्प्ले आणि कीबोर्ड मिळून. कळा फक्त १९. त्यात दहा अंक, अधिक-उणे, आणि 'व्हर्ब', 'नाउन', 'एंटर' वगैरे सात. आधी व्हर्बचा क्रमांक दाबायचा (काय कर), मग नाउनचा (कशाचं). उदाहरणार्थ व्हर्ब १६ म्हणजे 'सतत दाखवत राहा'. त्यापुढे नाउन ६८ दिलं की उतरतानाची ठरावीक आकडेवारी पडद्यावर हलती राहायची. व्हर्ब ३७ म्हणजे 'प्रोग्राम बदल'.

अलोन्सो आणि मंडळींनी सुचवलेली ही पद्धत तात्पुरती म्हणून आली आणि कायमची झाली. काहींना ती पोरकट वाटली होती. मला विचाराल तर कर्ता, कर्म, क्रियापद घोकून मोठ्या झालेल्या आपल्या पिढ्यांना ती लगेच जमली असती.

८. ते प्रसिद्ध '१२०२' म्हणजे काय? संगणक बंद पडला होता का?

बंद पडला नव्हता. जास्तीचं काम टाकून देऊन नेमकं काम चालू ठेवत होता, आणि तसं सांगत होता.

२० जुलै १९६९. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांचं यान उतरत असताना डिस्कीवर १२०२ हा इशारा आला. मग पुन्हा, मग एकदा १२०१. एकूण पाच वेळा. अर्थ असा की कामं ठेवायला जागा उरलेली नाही.

लॅनिंग यांच्या व्यवस्थेत प्रत्येक कामाला अग्रक्रम असे आणि आपला हिशोब मांडायला मेमरीचा एक छोटा तुकडा मिळे. उतरण्याचं मुख्य गणित दर दोन सेकंदांनी सुरू होई. त्या दिवशी संगणकाचा काही वेळ कुणीतरी चोरत होतं (कोण, ते प्रश्न ९ मध्ये). त्यामुळे आधीचं गणित संपायच्या आत पुढचं दारात उभं राही. तुकडे भरले की इशारा आणि लगेच रीस्टार्ट. हा रीस्टार्ट आपल्या ओळखीचा नव्हे. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळी कामं खाली टाकायची, आणि ज्यांनी आपण कुठवर आलो याची नोंद ठेवली आहे तेवढीच महत्त्वाची कामं तिथूनच पुढे उचलायची. इंजिन आणि दिशा सुटली नाही. गळालं ते ऑल्ड्रिननी मागवलेलं आकडे दाखवण्याचं काम.

ह्यूस्टनमध्ये निर्णय २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्सचा. त्याला मागच्या खोलीतून साथ २४ वर्षांच्या जॅक गारमनची. काही दिवस आधीच्या सरावात असाच इशारा आल्यावर त्यांनी मोहीम विनाकारण सोडून दिली होती आणि बोलणी खाल्ली होती. त्यानंतर गारमनने सगळे इशारे हाताने लिहून काढले, कुठल्यावर थांबायचं आणि कुठल्यावर नाही. तो कागद त्या दिवशी त्याच्यासमोर होता. चंद्रावर उतरण्यातला हा कागदाचा वाटा कुठल्याही यंत्राइतकाच.

९. मग चूक कुणाची? ऑल्ड्रिनने रडार चालू ठेवलं म्हणून झालं, असं ऐकलं.

ऑल्ड्रिनच्या माथी मारणं अन्याय आहे. वर थांबलेल्या कमांड मोड्यूलला शोधणाऱ्या रडारचा स्विच त्यांनी जिथे ठेवला, तिथेच ठेवा असं चेकलिस्टमध्ये लिहिलं होतं.

मूळ गोची विजेत. रडारच्या कोनमापकांना आणि संगणकाच्या बाजूला वेगवेगळ्या ठिकाणांहून ८०० हर्ट्झची वीज मिळत होती. वारंवारता जुळलेली, पण लहरी एकाच वेळी वर-खाली होतील याची हमी नव्हती. तशी अट जोडणीच्या कागदपत्रांत घालायची राहून गेली होती. त्या दिवशी लहरी नको तशा विसंगत पडल्या. संगणकाला वाटलं रडारची थाळी थरथरतेय. तो दर सेकंदाला १२,८०० पर्यंत बदल मोजत बसला आणि दर मोजणीला मेमरीचा एक फेरा गेला. ११.७ मायक्रोसेकंदांनी गुणून बघा, जवळपास १५ टक्के वेळ वाया. उतरताना तेवढा वेळ शिल्लक नव्हताच.

लॅबच्या जॉर्ज सिल्व्हर यांनी हा प्रकार आधी एका चाचणीत पाहिला होता. त्यांना तो आठवला आणि चंद्रावरून निघण्याआधी स्विच हलवायचा निरोप गेला.

१०. सगळा कोड मार्गारेट हॅमिल्टन यांनी एकटीने लिहिला का?

नाही, आणि त्यांनीही तसा दावा केलेला नाही. आपल्या उंचीच्या कागदी गठ्ठ्याशेजारी उभ्या असलेल्या हॅमिल्टन यांचा १९६९ चा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो गठ्ठा त्या आणि त्यांच्या चमूने केलेल्या कामाचा. त्या यानातल्या सॉफ्टवेअर विभागाच्या प्रमुख झाल्या, आणि 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्द लोक हसत असताना त्यांनी लावून धरला. २०१६ मध्ये त्यांना अमेरिकेचं 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' मिळालं.

भर कामाच्या दिवसांत साडेतीनशेच्या आसपास माणसं या सॉफ्टवेअरवर होती. उतरण्याची समीकरणं ॲलन क्लम्प यांची, उतरण्याच्या कोडचा मोठा भाग डॉन आइल्स या तरुणाचा. ह्यूस्टनहून नासाचे बिल टिंडल मेमरीत काय राहील आणि काय कापायचं यावर खटके उडवत. त्यांची मिस्कील टिपणं 'टिंडलग्राम' म्हणून गाजली. एकच नायक हवा ही आपली खोड. आधी त्या जागी फक्त अंतराळवीर होते, आता हॅमिल्टन.

११. त्यांच्या मुलीने खेळताना यान 'पाडलं', ही गोष्ट खरी?

हॅमिल्टन स्वतः सांगतात. लेक आईबरोबर लॅबमध्ये यायची. सरावाच्या यंत्राशी खेळताना तिने प्रवास चालू असताना पी०१ हा उड्डाणापूर्वीचा प्रोग्राम निवडला आणि सगळं कोसळलं. हॅमिल्टन यांनी कोडमध्ये अडसर घालायचं सुचवलं. 'अंतराळवीर असं करणार नाहीत' म्हणून ते नाकारलं गेलं. त्यांनी सूचनेत एक ओळ तेवढी घातली.

डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ परतत असताना जिम लोव्हेल यांनी तेच केलं. त्यांना तारा क्रमांक ०१ हवा होता, दाबला गेला प्रोग्राम ०१. चौकटीची जुळणी पुसली गेली, आणि तारे धरून ती परत मांडावी लागली.

१२. शेवटी आर्मस्ट्राँगनी संगणक बंद करून हाताने यान उतरवलं ना?

नाही. खड्डे आणि दगड दिसल्यावर त्यांनी पूर्ण स्वयंचलित मार्ग सोडला, एवढंच. त्यानंतर पी६६ प्रोग्राम चालू होता. त्यात माणूस दिशेचा दांडा धरतो आणि एका छोट्या स्विचच्या टिचकीसरशी उतरण्याचा वेग सेकंदाला एक फुटाने कमी-जास्त करतो. इंजिनाचा जोर आणि दिशा-रॉकेट मात्र संगणकच हलवतो. सहाही वेळा माणसं याच प्रकारे उतरली.

संगणक खरंच गेला असता तर लूनर मोड्यूलमध्ये टीआरडब्ल्यू कंपनीचा आणखी छोटा राखीव संगणक होता. तो उतरवू शकत नव्हता, फक्त परत वर नेऊ शकत होता. तशी वर पळ काढायची वेळ आली नाही.

अपोलो १२ वर उड्डाणानंतर मिनिटभरात दोनदा वीज पडली (१४ नोव्हेंबर १९६९). जायरोची चौकट गडगडली, पण कमांड मोड्यूलचा संगणक टिकला. अपोलो १३ मध्ये उलट झालं. वीज वाचवायला संगणक मुद्दाम बंद केले गेले, आणि एक दुरुस्ती पृथ्वीवरच्या दिवस-रात्रीच्या सीमारेषेवर नेम धरून हाताने करावी लागली.

१३. विणलेला प्रोग्राम बदलता येत नाही म्हणता, मग अपोलो १४ मध्ये कसा बदलला?

विणलेला भाग कुणी बदलला नाही. त्याला फसवलं.

५ फेब्रुवारी १९७१. 'अँटारेस' नावाचं लूनर मोड्यूल उतरायच्या तयारीत असताना संगणकाला 'ॲबॉर्ट' (माघार) बटण दाबल्याचा संकेत अधूनमधून दिसू लागला. कुणी दाबलं नव्हतं. स्विचमध्ये धातूचा सुटा कण असावा, कारण पॅनेलवर टकटक केलं की संकेत जाई. इंजिन सुरू झाल्यावर तो आला असता तर संगणकाने इमानदारीत उतरणं सोडून यान वर नेलं असतं.

केंब्रिजमध्ये डॉन आइल्सकडे जेमतेम दोन तास होते. त्याची युक्ती अशी की पुसता येणाऱ्या मेमरीत एका ठिकाणी वेगळा आकडा घालायचा, म्हणजे संगणकाला वाटेल की माघारीचा प्रोग्राम आधीच सुरू आहे. मग बटणाकडे तो पाहणारच नाही. तोटा असा की इंजिनाचा जोर वाढवणं वगैरे काही गोष्टी अंतराळवीरांना हाताने कराव्या लागल्या. ह्यूस्टनहून एकेक कळ वाचून दाखवली गेली, यानात ती दाबली गेली, आणि यान उतरलं.

१४. ताऱ्यांच्या क्रमांकात ८ आणि ९ का नाहीत?

कारण यादी अष्टमान पद्धतीत होती, ०१ पासून ४५ पर्यंत. आपल्या दशमानात ते ३७ तारे होतात. आपल्या ओळखीचे बरेच आहेत. ११ रोहिणी, १४ अगस्ती, १५ व्याध, २२ मघा, २६ चित्रा, ३१ स्वाती, ३३ ज्येष्ठा, ३६ अभिजित, ४० श्रवण. ज्येष्ठा म्हणजेच अँटारेस, वरच्या प्रश्नातल्या यानाचं नाव.

यादीत 'नवी' असाही एक तारा आहे. मराठी वाचक हमखास चकतात. तो अंतराळवीर गस ग्रिसम यांचा वात्रटपणा. स्वतःचं मधलं नाव 'आयव्हन' त्यांनी इंग्रजीत उलटं लिहून यादीत घुसवलं. शर्मिष्ठेतल्या एका ताऱ्याला ते चिकटलं.

१५. अवकाशात गेलेला हा पहिला संगणक का?

नाही. माणसांच्या यानांत त्याच्याआधी जेमिनी यानात आयबीएमचा डिजिटल संगणक होता, १९६५ पासून. त्याहून आधीच्या मर्क्युरी यानांत संगणकच नव्हता. सोव्हिएत बाजूला चंद्राला वळसा घालणाऱ्या, माणूस नसलेल्या झोंड यानांवर 'आर्गॉन' संगणक होते.

१६. आज तो कुठे वापरतात? कोड पाहायला मिळतो का?

अपोलोनंतर त्याचं सर्वांत महत्त्वाचं काम विमानात झालं. २५ मे १९७२ रोजी नासाचं एफ-८ लढाऊ विमान याच संगणकाच्या आधारे, दांड्यापासून पंखांपर्यंतच्या यांत्रिक जोडणीशिवाय उडालं. ही कल्पना पुढे रेटण्यात आर्मस्ट्राँग यांचा हात होता. चंद्रावर यान कशाच्या भरवशावर उतरवलं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मूळ कोडचे कागद स्कॅन होऊन सगळ्यांसाठी खुले झाले आहेत. घरच्या संगणकावर त्याची नक्कल चालवता येते. भाषा अवघड आहे, पण शेरे वाचा. इंजिन पेटवणाऱ्या भागाचं नाव 'बर्न बेबी बर्न' आहे, आणि एका ठिकाणी कुणीतरी लिहून ठेवलंय, 'तात्पुरतं, अशी आशा आशा आशा'. तो भाग चंद्रापर्यंत जाऊन आला.